कढीपत्त्याला लावलेला चुना

 

मराठीत ‘चुना लावणे’ म्हणजे एखाद्याला फसवणे. माझ्यावर मात्र खराखुरा चुना लावल्याचा आरोप आहे, आणि तो मला कबूल आहे. मी चुना लावला तो कढीपत्त्याच्या दोन रोपांना. आज त्याचीच गोष्ट सांगतो. ही गोष्ट बागकामाच्या तज्ज्ञाची नाही. मी पोटापाण्यासाठी संगणकाचं काम करणारा, वर एमबीए केलेला माणूस. झाडांच्या बाबतीत माझी पात्रता एवढीच, की माझ्या हातून चूक झाली आणि ती का झाली ते मी शोधून काढलं.

आमच्या शेजारी एक काकू राहायच्या. अल्फारेटात त्यांना वीसेक वर्षं झाली होती. त्यांच्या घरात पुरुषभर उंचीचं कढीपत्त्याचं झाड होतं, मोठ्या टबात, खाली चाकं लावलेलं. एप्रिलमध्ये झाड डेकवर जायचं आणि थंडीची चाहूल लागली की घरात यायचं. नवीन मराठी कुटुंब आलं की काकू दोन डहाळ्या हातात ठेवायच्या आणि माणसं जरा ओळखीची झाली की एक रोप. तुम्हाला माहीतच आहे, भारतातून येताना कढीपत्ता आणता येत नाही. ताजी पानंसुद्धा विमानतळावर काढून घेतात, कारण त्यावरून येणारी एक कीड लिंबू-संत्र्याच्या बागांना घातक रोग पसरवते. त्यामुळे इथे रुजलेल्या रोपाची किंमत काही वेगळीच.

मग काकूंनी कायमचं पुण्याला जायचं ठरवलं. मोठं झाड एका देवळात गेलं. मला मिळाली दोन रोपं, वीतभर उंचीची. देताना काकू म्हणाल्या, “ही शेवटची दोन. या झाडाचं बी आता माझ्याकडे नाही.”

मी एक रोप लावलं अंगणातल्या लाल मातीत. म्हणजे अंगणातली माती खणून कुंडीत भरली, कारण जमिनीत लावलेला कढीपत्ता इथल्या हिवाळ्यात टिकत नाही. दुसरं लावलं दुकानातून आणलेल्या तयार मिश्रणात. पहिल्या दोन महिन्यांत तयार मिश्रणातलं रोप बरं चाललं. लाल मातीतलं मात्र जागच्या जागी. ना नवीन पान, ना फुटवा. शाळेच्या फोटोत मागच्या रांगेत उभं केल्यासारखं नुसतं उभं.

मी वाचलं की जॉर्जियाची माती आंबट असते, तिला चुना लागतो. झालं! बारीक पुडीचा चुना आणला. आणि घरात दोन मुलं असली की एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं असं करून चालत नाही, या न्यायाने दोन्ही कुंड्यांना एकेक मूठ घातला. ऑफिसात कोणी न तपासलेला बदल थेट चालू प्रणालीत टाकला तर मी त्याला फैलावर घेतो. घरी मी स्वतः तेच केलं.

महिन्याभरात तयार मिश्रणातल्या चांगल्या रोपाची नवी पालवी पिवळी यायला लागली. पान पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या. लाल मातीतलं रोप होतं तिथेच. म्हणजे बरं होतं ते आजारी पडलं आणि आजारी होतं ते तसंच राहिलं.

आता मी जे सुरुवातीला करायला हवं होतं ते केलं. दोन्ही कुंड्यांतली माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरून तपासायला दिली. इथे जवळजवळ प्रत्येक काउंटीत जॉर्जिया विद्यापीठाचं विस्तार कार्यालय असतं. तिथे माती दिली की ती अथेन्सच्या प्रयोगशाळेत जाते आणि थोड्याशा पैशांत अहवाल येतो. माझ्या अहवालात दोन आकडे होते. लाल मातीचा सामू ५, तयार मिश्रणाचा ७.६. औषध एकच, मूठ एकच, आणि आकडे दोन टोकांचे.

सामू म्हणजे ज्याला आपण इथे पीएच म्हणतो तो. आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या तोंडी सामू हाच शब्द असतो. १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत सोरेन्सन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ही मोजपट्टी काढली. ७ म्हणजे मध्य. त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. पण ही पट्टी साधी फूटपट्टी नाही. एक अंक खाली गेला की आम्लता दहापट होते. सामू ५ असलेली माती ७ वाल्या मातीपेक्षा दुप्पट नाही, शंभरपट आम्ल असते. मी “पाच आणि सात, दोनाचाच तर फरक” असं म्हणत होतो, तिथेच माझं गणित चुकलं.

आता प्रश्न असा, की माती आंबट झाली तर रोपाचं नेमकं बिघडतं काय? खरा गुन्हेगार आंबटपणा स्वतः कमी आणि अ‍ॅल्युमिनियम जास्त. पृथ्वीच्या कवचात साधारण ८ टक्के अ‍ॅल्युमिनियम आहे. प्रत्येक चिकणमातीत तो असतोच, पण खनिजात कुलूपबंद. सामू साडेपाचच्या खाली उतरायला लागला की हे कुलूप उघडतं आणि अ‍ॅल्युमिनियम मातीतल्या पाण्यात विरघळतो. तो सगळ्यात आधी मुळांच्या टोकांना धरतो. टोक वाढायचं थांबतं, मूळ आखूड आणि जाड होतं, पाणी आणि अन्न शोधणारी बारीक तंतुमुळं फुटत नाहीत. वर स्फुरदही लोह आणि अ‍ॅल्युमिनियमला चिकटून बसतं, रोपाला मिळत नाही. मोठ्या झाडाची मुळं लांबवर, खोलवर पसरलेली असतात, ते कुठून तरी भागवून घेतं. वीतभर रोपाचा सगळा संसार ओंजळभर मातीत. म्हणून हा मार रोपाला सर्वांत जास्त बसतो. आणि तो दिसतो पानावर, फार उशिरा.

हा विरघळलेला अ‍ॅल्युमिनियम तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे बरं का. आपल्या सबडिव्हिजनमध्ये उन्हाळ्यात हायड्रेंजियाचे निळे गेंद फुलतात ना? त्या फुलाला निळा रंग मिळतो तो मुळांनी शोषलेल्या अ‍ॅल्युमिनियममुळे. त्याच जातीला चुना घाला, फुलं गुलाबीकडे झुकतात. पांढऱ्या जातींत मात्र हा खेळ दिसत नाही. म्हणजे शेजारच्यांच्या दारात निळी हायड्रेंजिया आपोआप फुलत असेल, तर मातीचा अहवाल तिथेच टांगलेला आहे असं समजा. अझेलिया, ब्लूबेरी, कॅमेलिया इथे सुखाने वाढतात त्याचंही कारण हेच. त्यांना आंबट माती मानवते. आपल्या सगळ्या झाडांना मानवेलच असं नाही.

ही माती आंबट झाली कशी? याचं उत्तर मला माझ्या गावात सापडलं. आमचं मूळ गाव राजापूर तालुक्यात. पहिल्यांदा अल्फारेटात घर पाहायला गेलो तेव्हा नुकतंच खणकाम चाललं होतं, आणि ती लाल माती बघून मला वाटलं, अरे, हे तर आपलंच! ते नुसतं वाटणं नव्हतं. दोन्हीकडे कारण साधारण एकच आहे. ऊब आणि भरपूर पाऊस. हजारो वर्षं पाऊस पडत राहिला की कॅल्शियम, मॅग्नेशियम वाहून जातात आणि लोह, अ‍ॅल्युमिनियम मागे राहतात. लोह गंजतं, म्हणून रंग लाल. कोकणात ही प्रक्रिया इतकी पुढे गेली की त्याचा दगड झाला, आपला जांभा. फ्रान्सिस बुकानन याने केरळातल्या अंगाडीपुरमला हा दगड विटांसारखा कापताना पाहिला आणि १८०७ मध्ये त्याला लॅटराइट असं नाव दिलं. इथल्या मातीवर आणखी एक घाव बसला. शंभर-दोनशे वर्षांच्या कापूस शेतीत वरची सुपीक माती धुऊन गेली. उरलीसुरली घर बांधताना बुलडोझरने सारली. आपल्या अंगणात जे दिसतं ते बऱ्याचदा मातीचं खालचं पोट असतं.

कोकणातला शेतकरी सामू न मोजता याच्याशी झगडत आला आहे. आमच्याकडे भाताचं रोप टाकण्याआधी जमिनीवर कवळ, पालापाचोळा, शेण पसरून राब भाजतात. लहानपणी मला वाटायचं, हे नुसतं तण मारण्यासाठी. त्यासाठी आहेच, पण राख अल्कधर्मी असते, तिच्यात कॅल्शियम आणि पालाश असतं. म्हणजे जिथे कोवळं रोप वाढणार, बरोबर तेवढ्याच तुकड्यावर आंबटपणा थोडा मोडला जातो. आंब्या-काजूसाठीसुद्धा कातळात मोठा खड्डा खणून त्यात चांगली माती, शेणखत आणि सुपर फॉस्फेट भरतात. रोपाला पहिली काही वर्षं परकी माती लागू द्यायची नाही, ही त्यातली युक्ती. आपण परदेशात आलो तेव्हा आपल्यालाही कोणीतरी असा खड्डा भरून दिलाच होता की!

मग चुना काय करतो? चुनखडीचं पीठ, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मातीतल्या आम्लाशी भिडतं आणि सामू वर येतो. सामू साडेपाचच्या वर गेला की अ‍ॅल्युमिनियम पुन्हा कुलपात जातो. मुळाचं टोक मोकळं होतं. डोलोमाइट चुन्यात मॅग्नेशियमही असतं, आणि पानाचा हिरवा रंग ज्या हरितद्रव्यामुळे असतो त्याच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियमच बसलेलं असतं.

तर मग माझ्या लाल मातीतल्या रोपाचं भलं का झालं नाही? दोन कारणं. एक म्हणजे चुना मी वर भुरभुरवला. तो पाण्याबरोबर झरझर खाली जात नाही. जिथे पडतो तिथेच बराच काळ बसतो, म्हणून तो मातीत मिसळावा लागतो. दुसरं, चिकणमाती आंबटपणाचा साठा धरून ठेवते. थोडं आम्ल मारलं की कणांवरून तेवढंच पुन्हा बाहेर येतं. व्यवसायाच्या भाषेत सांगायचं तर सामू म्हणजे आजची रोकड आणि हा साठा म्हणजे ताळेबंदातलं कर्ज. मी नुसती रोकड पाहिली. उलट तयार मिश्रण हलकं, त्यात मूठभर चुना म्हणजे फार झाला. शिवाय त्यात पीट मॉस असतं, ते स्वतः खूप आंबट, म्हणून मिश्रण बनवणारे त्यात आधीच मोजून चुना घालतात. पिशवीच्या मागे बारीक अक्षरांत ते लिहिलेलंही होतं. मी मुलांना करारावर सही करण्याआधी सगळं वाचा असं सांगणारा बाप!

पिवळ्या पानांचं कोडं सोडवलं माझ्या सासऱ्यांनी. माझी सासुरवाडी काटोलची, संत्र्यांच्या पट्ट्यातली. फोनवर फोटो पाहिला आणि म्हणाले, “जावईबापू, झाडाले लोह भेटून नाही राह्यलं. आमच्या चुनखडीच्या वावरात संत्र्याचे पानं असेच पडतेत.” खरी गोष्ट. जमिनीत लोह ढीगभर असतं, पण सामू साडेसातच्या आसपास गेला की ते विरघळत नाही. समोर ताट वाढलेलं आणि हात बांधलेले. लोह झाडात जुन्या पानाकडून नव्या पानाकडे फारसं सरकत नाही, म्हणून पिवळेपणा कोवळ्या पानांत आधी दिसतो. खालची जुनी पानं शिरा सोडून पिवळी पडत असतील तर मॅग्नेशियमची शंका घ्या. जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर बहुधा नत्राची. आणि हिवाळ्यात घरात आणलेला कढीपत्ता पानं गाळतो ते बऱ्याचदा नुसतं थंडीमुळे. तेव्हा घाबरून काहीही घालू नका, पाणी तेवढं कमी करा.

एका महाराष्ट्रात ही दोन्ही टोकं आहेत बघा. कोकणात आंबट जांभा, विदर्भ-मराठवाड्यात चुनखडीची काळी माती. माझं माहेर, म्हणजे माझ्या आईवडिलांचं घर, एका टोकाला आणि सासर दुसऱ्या टोकाला, आणि माझ्या दोन कुंड्या त्या दोन टोकांवर जाऊन बसल्या होत्या. आम्हा नवरा-बायकोचं बरं जमतं. कुंड्यांचं जमलं नाही.

दुसरी गोष्ट, झाड कोणतं हेही पाहावं लागतं. काजू आंबट जांभ्यावर तग धरतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ला केंद्राने काजूच्या जाती काढल्या त्या अशाच मातीच्या मुलखात. साग अगदी उलट. साग कॅल्शियमचा भुकेला. त्याच्या लाकडात कधी कधी कॅल्शियमचे पांढरे थर सापडतात. मध्य अमेरिकेत, कोस्टारिकात सागाच्या मोठ्या लागवडी झाल्या, तिथे आंबट मातीत अ‍ॅल्युमिनियमचा वाटा थोडा वाढला तरी सागाची वाढ मंदावते असं दिसलं. आपल्या ओळखीचं सुबाभूळ, मूळ मेक्सिकोकडचं, तेही आंबट मातीत खुरटतं, कारण मुळांबरोबर त्याच्या गाठींतले नत्र देणारे जिवाणूही दमतात. अशा रोपांना चुना म्हणजे अमृत. पण तोच चुना ज्याला गरज नाही त्याला घातला तर रोपाची वाढ खुंटू शकते. कढीपत्ता मधला माणूस. किंचित आंबट, सहा ते साडेसहाच्या आसपासच्या मातीत खूश. आंबा साधारण तसाच. शेवगा बराच सोशिक, त्याचा राग फक्त साचलेल्या पाण्यावर.

आता कामाच्या चार गोष्टी, कागद-पेन जवळ असेल तर लिहून घ्या.

अंगणाची माती तपासायची असेल तर एकाच जागची घेऊ नका. आठ-दहा ठिकाणची, सहा इंच खोलीपर्यंतची माती स्वच्छ प्लास्टिकच्या बादलीत मिसळा आणि त्यातली दोन कप वाळवून द्या. भाजी लावणार की गवत, हे त्यांना सांगा. अहवालात चुना किती लागेल ते लिहून येतं, तेवढाच घाला. भारतातल्या शेतकऱ्याला २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळते, तीत सामू असतोच. तुमच्या गावी जमीन असेल तर यंदा फोनवर विचारा, पत्रिका काढली का म्हणून.

चुना घालायचा तर शरद ऋतूत घाला आणि मातीत मिसळा. चुनखडीच्या पिठाला काम करायला काही महिने लागतात, वसंतापर्यंत माती तयार होते. पानाला लावतात तो विरलेला चुना बागेत वापरू नका. तो झटक्यात चढतो, मुळं भाजतो, आणि डोळ्यांत गेला तर आपल्यालाही.

कुंडीत अंगणाची लाल चिकणमाती भरू नका. सामू तर आहेच, पण कुंडीत ती विटेसारखी घट्ट बसते आणि पाणी धरून ठेवते. माझ्या रोपावर हा दुसरा अन्याय झाला होता. तयार मिश्रण वापरलं तर त्यात वेगळा चुना नको. अंड्याची टरफलं जाडसर टाकली तर ती वर्षानुवर्षं तशीच दिसतात, त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. आणि आंबट ताक! काकूही घालायच्या. ताकातलं आम्ल मातीतले जंतू लवकर फस्त करतात, त्यामुळे सामू फारसा हलत नाही. पातळ करून कधीतरी घातलं तर बिघडत नाही, पण चढलेल्या चुन्यावर तो उतारा नव्हे. त्यासाठी ताजं मिश्रण आणि गरज पडली तर चिलेटेड लोह.

मी तेच केलं. तयार मिश्रणातलं रोप हलक्या हाताने काढलं, मुळांभोवतीचं मिश्रण झटकलं आणि नव्या मिश्रणात लावलं. पाच-सहा आठवड्यांनी हिरवी पालवी आली. लाल मातीतलंही काढलं. त्याची मुळं पाहिली आणि मला बोलवेना. आखूड, तपकिरी, गाठाळ, तंतू जवळजवळ नाहीतच. वरून चार महिने ते हिरवं दिसत होतं. नव्या मिश्रणात लावलं, पण हिवाळा त्याला निभवला नाही. जानेवारीत ते गेलं.

काकूंना सांगायला मी दोन आठवडे टाळाटाळ केली. शेवटी बायकोने व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्या हातात दिला. मी सगळं सांगितलं, सामू, अ‍ॅल्युमिनियम, लोह, अगदी तक्त्यासकट. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “एक गेलं ते गेलं. राहिलेल्याला आता फार जीव लावू नकोस म्हणजे झालं.”

तर मंडळी, अति तिथे माती म्हणतात. मी एवढंच म्हणेन, की आधी माती बघा, मग अति करा.

राहिलेलं झाड आता माझ्या खांद्याला लागतं. यंदा त्याला काळी फळं धरली आहेत. बी ताजं असतानाच पेरावं लागतं, वाळलं की रुजत नाही. सहा कुंड्या भरून ठेवल्या आहेत. यंदा मिश्रणाच्या पिशवीची मागची बाजू वाचली आहे आणि चुन्याची पुडी गॅरेजच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली आहे. रोपं वीतभर झाली की कळवतो. ज्यांना हवं असेल त्यांनी घेऊन जा, पण जाताना माझं हे सगळं पुन्हा एकदा ऐकावं लागेल!

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.